तुडवलेल्या कापसावरची उडी

दिवाळीची सुटी संपली की माझ्या अंगावर कापूस सापडायला लागतो. राहते जळगावात, शिकवते अकरावी-बारावीला फिजिक्स, पण शनिवार-रविवार धरणगावला माहेरी जाऊन येते, तेवढ्यानं होतं. पदराला, केसांत, डबा उघडला तर भाकरीला चिकटलेला एखादा तंतू. फळ्याकडे पाठ केली की मागून मुली सांगतात, "मॅडम, पाठीला कापूस." हसत नाहीत बिचाऱ्या. अर्ध्या वर्गाच्या घरात याच दिवसांत तोच कापूस भरलेला असतो.

यंदा मात्र त्या कापसाबरोबर भलतंच काहीतरी वर्गात आलं. संवेगाची उजळणी चालली होती. मी नेहमीसारखी सिनेमावर घसरले. हिरोनं एक गुद्दा हाणला की गुंड वीस फूट लांब जातो, मग हिरो का मागे जात नाही रे? त्याला काय सिमेंटात पुरलाय? पोरं खिदळतात, आणि खिदळता खिदळता न्यूटनचा तिसरा नियम डोक्यात उतरतो. पंधरा वर्षांची माझी ही युक्ती. तर एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, एक क्लिप आहे. आपल्याकडचीच, अहिराणीतली. हे पण खोटंच ना?" आणि तिनं मोबाइल पुढे केला.

माडीच्या गच्चीवरून लाल शर्टातला एक हिरो खाली कापसाच्या ट्रॉलीत उडी मारतो. पुढच्याच क्षणी ट्रॉलीमागून धावत निघतो आणि बोळातून पसार होतो. खाली लोकांनी गमतीनं लिहिलेलं, 'कापूसनी जीव वाचाडी दिना भो.'

"इतक्या उंचावरून पडून कोणी असं पळेल का, मॅडम?"

लाल शर्टातला हिरो माझा सख्खा धाकटा भाऊ, भूषण. हे त्या मुलीला माहीत असायचं कारण नव्हतं. काय सांगू? उडी खरी आहे, पळणं खोटं आहे, असं सांगू? पळण्याचा सीन सकाळीच घेऊन ठेवला होता, आणि बरं झालं घेऊन ठेवला, कारण उडीनंतर तो पळाला नाही. उभासुद्धा राहिला नाही. मी म्हटलं, "उद्या बघू." पंधरा वर्षांत मी कधी 'उद्या बघू' म्हटलं नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

आमच्या घरी कापसाचे दिवस म्हणजे बैठकीची खोली गायब होण्याचे दिवस. वेचणी सुरू झाली की गठुडी येऊन त्या खोलीत रिकामी व्हायची. आधी कोपरा भरायचा, मग खिडकी झाकायची, मग भिंतीवरचं घड्याळ. पाहुणा आला तर ओट्यावरच बसायचा. त्या कापसाचा एक वास असतो. कोरडा, किंचित आंबूस, उन्हाचा आणि सरकीचा. आणि खाज! आई ओरडायची, "माय वं, अंगले खाजकुयली लायी लेतस पोरं!" पण टीव्ही त्याच खोलीत, उंच फळीवर. त्यामुळे कापसाच्या ढिगावर लोळत सिनेमा बघायचं सुख आम्हा दोघांना दर वर्षी तीन-चार महिने मिळायचं. मी दहा वर्षांची, भूषण चार वर्षांचा. हिरो पुलावरून आगगाडीवर उडी मारायचा, आणि जाहिरात लागली रे लागली की आम्ही माळ्यावरून कापसात. धप्प. छातीपर्यंत आत. नाकात, तोंडात कापूस, आणि वरून हसू. लागायचं काहीच नाही. मला आता वाटतं, घोटाळ्याचं मूळ तिथं आहे. बाकीच्या मुलांना सिनेमा खोटा असतो हे पहिल्याच उडीत गुडघे फोडून कळतं. आमच्या घरात ते कळायची सोयच नव्हती.

पुढे मी फिजिक्स शिकले आणि माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. जळगावच्या टॉकीजमध्ये बसले की सुरू. गाडी पेटली म्हणून काय हवेत उडते का? काच फोडून बाहेर आला तर रक्त कुठंय? दोन्ही हातांत बंदुका, धक्का कुठे गेला? एकदा पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "ताई, तिकीट काढून आलो आहोत आम्ही." भूषण शेजारी मान खाली घालून बसलेला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "ताई, तुले ना दुःखच व्हस लोके खूश ऱ्हायनात का." राग आला होता मला. आता वाटतं, पोरगं अगदीच चुकीचं नव्हतं बोलत.

तो शेती बघायचा आणि मोबाइलवर अहिराणी व्हिडिओ करायचा. सुरुवातीला सासू-सुनेचे विनोद. मग अंगात हिरो शिरला. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, कापसाच्या पऱ्हाट्या अजून हिरव्या होत्या, तो जळगावला माझ्या घरी आला. चहाला हात लावला नाही. वही पुढे ठेवली. "ताई, माले खरी उडी मारनी शे. दोरी नही, कॉम्प्युटर नही. तू गणित करी दे. तू हो म्हनशी तं मारसू. नही म्हनशी तं नही."

मी खूप वेळा या वाक्यापाशी येऊन थांबते. नाही म्हणायला काय जात होतं माझं? मोठी बहीण होते, दोन कानाखाली लावायचा हक्क होता. पण खरं सांगते, मला आनंद झाला. जन्मभर सिनेमाला नावं ठेवणाऱ्या बाईकडे एक सिनेमा स्वतःहून विचारायला आला होता. मी पेन काढलं.

गणित सोपं आहे, कुणालाही समजेल. माणूस पडल्यानं मरत नाही, थांबल्यानं मरतो. किती उंचावरून पडला याला, थांबता थांबता तो किती आत रुतला यानं भागायचं, त्यात एक मिळवायचा. तेवढ्या पट वजन अंगावर येतं. आमच्या माडीच्या गच्चीपासून ट्रॉलीतल्या कापसापर्यंत बारा फूट. मोकळा कापूस, चार फूट रुतेल. बारा भागिले चार, तीन, अधिक एक, चार. वजनाच्या चौपट. पाठीवर पडला तर सोसतो माणूस. मी वहीत लिहून दिलं: कापूस मोकळा, हात न लावलेला, पाच फूट खोल. पाठीवर पडायचं, पायांवर नाही. खाली सही केली. सही! प्रयोगवहीवर करते तशी.

त्याला एक संवादही म्हणायचा होता, हवेत. मी पोट धरून हसले. "अरे बाळा, बारा फूट पडायला पाऊण सेकंदाच्या जरा वर लागतो. त्यात 'अरे' म्हणून होतं, बस." तोही हसला. संवाद काढून टाकला.

त्या दिवसाचं ऊन मला आठवतं. थंडी पडायला लागली की खान्देशात दुपारचं ऊन मवाळ होतं, अंगावर घ्यावंसं वाटतं. अंगणात ट्रॉली उभी होती, चारी बाजूंनी बांबू आणि गोणपाट लावून उंच केलेली. सकाळी मी स्वतः उभी राहून कापूस भरवून घेतला होता; अलगद, पाच फूट, वरून बोट लावलं तर बोट गायब होईल असा. सकाळीच पळण्याचा सीन झाला. मग उन्हासाठी थांबायचं ठरलं. भूषणची व्हिडिओवाली मंडळी जेवायला बसली, तो गच्चीवर जाऊन जागा बघत बसला.

एवढ्यात आबा, म्हणजे आमचे वडील, शेतातून आले. तीच ट्रॉली दुसऱ्या दिवशी जिनिंग मिलला जायची होती. आबांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. "हाई काय भरेल शे? मोकळा कापूस गाडीमा कोन भरस? कोपरा दखा, बठ्ठा पोकळ!" मी म्हटलं, "आबा, भूषणच्या उडीसाठी आहे तो." तर म्हणाले, "मंग आखो टाकूत ना! जितला जास्त कापूस, तितला कमी मार." आणि गडी घरातून गठुडी आणायला लागले.

आता इथून पुढे मला माझंच समजत नाही.

ज्यानं कापूस पिकवलेला नाही त्याला तुडवणं म्हणजे काय ते सांगते. कापूस गाडीत नुसता ओतत नाहीत. ओततात आणि वर चढून पायांनी तुडवतात, की बसतो. मग आणखी ओततात, आणखी तुडवतात. आमच्या घरी हे काम माझं. पाच वर्षांची असल्यापासून. आबा खालून ओरडायचे, "कोपरा दाबा! कोपरा!" आणि मी कोपऱ्यात जाऊन उड्या मारायची. वर्षातनं एकदाच घरातलं सगळ्यात उंच माणूस मी असायची. गोणपाटावरून पार बोळाच्या टोकापर्यंतचं दिसायचं. लग्न झालं, नोकरी लागली, ते सगळं सुटलं.

तर गठुडी रिकामी होत होती आणि आबा ओरडले, "कोपरा दाबा!" आणि मी पदर खोचला. चाकावर पाय दिला, चढले, आणि तुडवायला लागले. वही मी लिहिलेली. सही माझी. 'हात न लावलेला' हे शब्द माझे. पण हात न लावलेला म्हटलं होतं; पाय माझे कुणाला विचारायला थांबलेच नाहीत. पाव तास, अर्धा तास, माहीत नाही. घाम आला, खाज सुटली, मी खिदळत होते. गड्यांच्या बायका म्हणाल्या, "मास्तरीनबाई, आजून जमस का!" जमस म्हणजे काय, मी दोन्ही हात वर करून नाचून दाखवलं. उतरले तेव्हा ट्रॉली काठोकाठ गच्च, आबा खूश. आणि वरून कापूस दिसायला तसाच. तेवढाच उंच, तेवढाच पांढरा.

भूषणनं गच्चीवरून हात केला. मीही केला. कुणीतरी 'चालू' म्हणालं. त्याचे पाय कठड्यावरून सुटले आणि मला समजलं. नेमकं तेव्हाच. त्या पाऊण सेकंदात मला सगळं गणित पुन्हा दिसलं. तुडवलेला कापूस, रुतेल फार तर अर्धा फूट. बारा भागिले अर्धा. चोवीस. अधिक एक. पंचवीस. आणि तोंडातून निघालं, "अरे."

तेवढंच म्हणून होतं. मीच सांगितलं होतं त्याला.

आवाज 'धप्प' आला नाही. ओट्यावर पोतं टाकावं तसा आला. तो पायांवर पडला होता, पाठीवर नाही. उजव्या टाचेचं हाड फुटलं. धुळ्याला ऑपरेशन झालं, धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले. दीड महिना तो खाटेवर होता आणि बैठकीत कापूस असल्यामुळे खाट आईच्या चुलीजवळ होती. डॉक्टर म्हणाले, चालेल, थोडं लंगडेल. लंगडतो. शेतात उतरला की दुपारनंतर जास्तच.

मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून म्हटलं होतं, "पाठीवर पड म्हणून सांगितलं होतं ना तुला? हिरोसारखं पायांवर कशाला?" आणि मी ते वाक्य घरी आणलं, जपून ठेवलं. तो पायांवर पडला. चूक त्याची. तीन वर्षं मी याच एका वाक्यावर झोपले आहे. तुडवल्याचं बोलले नाही. आबा बोलले नाहीत. त्यांना अजूनही वाटतं कापूस कमी पडला. आणि भूषणनं विचारलं नाही. पण त्यानंतर मी कापसावर पाय ठेवलेला नाही. बैठकीतून जाताना भिंतीकडेनं जाते. आई म्हणते, "देव शे का तठे, पाय नही लावस ती?"

वर्गात मी अजून तेच शिकवते. वस्तुमान एम, उंची एच. एमला बहीण नसते. एच मोजताना कुणी खिदळत नसतं. मी सिनेमाला खोटारडा म्हणत आले, कारण त्यात पडलेला माणूस उठून पळतो. पण माझ्या गणितातला माणूसही पडून सुखरूपच होता की! वहीत तो अजून सुखरूप आहे, चौपट वजनात, पाठीवर, खाली माझी सही. मग सिनेमा जास्त खोटा की वही? की दोन्ही खरे, आणि मीच मधे कडमडले? डोक्याचा नुसता भुगा होतो.

त्या 'उद्या बघू'चा उद्या यायच्या आत शनिवार आला. मी धरणगावला गेले. ट्रॉली अंगणात लागलेली, भरायला सुरुवात व्हायची होती. भूषण ओट्यावर शेंगा सोलत बसला होता. मी त्याच्यापुढे बसले आणि म्हटलं, एकदाचं म्हणून टाकलं, "भूषण, त्या दिवशी कापूस मी तुडवला होता."

तो शेंग सोलत म्हणाला, "माले माहीत शे."

"कसं माहीत?"

"मी गच्चीवर व्हतो ना. तू नाची ऱ्हायनी व्हती. हात वर करी करी. दखं मी."

"मग उडी का मारली रे? वहीत मोकळा लिहिलं होतं मी!"

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यालाच नवल वाटत होतं मी हे विचारतेय याचं. "वही लिखनारी तूच, आनि तुडवनारी भी तूच. माले वाटनं, ताई तपासी ऱ्हायनी. तू कापूसवर उभी ऱ्हायनी, त्यानी पेललं तुले. मी म्हनं, आपन भी उभाच पडूत. पाठवर कसाले पडानं?"

ओट्यावर शेंगांची टरफलं पडत होती. म्हणजे तो हिरोसारखा पायांवर पडला नव्हता. माझ्यासारखा पडला होता. तीन वर्षं मी ज्या वाक्यावर झोपत होते, ते त्यानं इतक्या सहज खालून काढून घेतलं, आणि त्याला कळलंही नाही काय काढलं ते.

"सांगितलं का नाहीस मला? दवाखान्यात मी तुलाच बोलत होते."

"तू रडी ऱ्हायनी व्हती. आखो काय सांगू?"

मला रडू आलं. लपवलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, "राग येतो का रे माझा?"

मला वाटलं, नाही म्हणेल. धाकटे भाऊ नाहीच म्हणतात.

"राग येस," तो म्हणाला. "थंडीमा येस. टाच ठनकनी का येस."

"आणि मग?"

"मंग उतरस. ठनक उतरनी का तो भी उतरस."

गडी गठुडी आणून ओतायला लागले. आबा आता सत्तरीचे झालेत, पण आवाज तोच. "कोपरा दाबा! कोपरा!" कुणी वर नव्हतं. भूषण उठला, चप्पल काढली आणि बांबू धरून चढला. उजवा पाय चाकावर ठेवताना त्यानं दात आवळलेले मला दिसले. वर गेल्यावर त्यानं खाली हात केला. "ये ताई. आते कोनी उडी नही मारनार."

मी पदर खोचला. चढले. पहिलं पाऊल ठेवलं आणि मोकळ्या कापसात गुडघ्याच्या वरपर्यंत गेले. थंड होता आतून. मी तशीच उभी राहिले. दोन फूट, मी मनात मोजलं; आणि पाय उचलवेना.

"काय व्हयनं वं, पुतळा व्हयनी का?" आबा खालून ओरडले.

भूषण तुडवायला लागला. डावा पाय जोरात, उजवा हळू. डावा जोरात, उजवा हळू. त्याचा हात माझ्या हातातच होता, त्यामुळे मलाही त्याच तालावर पाय उचलावे लागले. सोमवारी त्या मुलीला काय सांगायचं ते मला अजून माहीत नव्हतं. आम्ही दोघं लंगडत लंगडत कोपऱ्याकडे निघालो.